चित्रातली खूण खरी की भास? 'द सिक्रेट'च्या खजिन्याबाबत मार्गदर्शन हवे

सरोवरकाठ यांचा प्रश्न

नमस्कार. गेली आठ वर्षे मी अमेरिकेत मिलवॉकी शहराजवळ राहते. माझ्या चौदा वर्षांच्या मुलीने दीड वर्षापूर्वी ग्रंथालयातून 'द सिक्रेट' हे १९८२ मधील पुस्तक आणले आणि तेव्हापासून आमच्या घरचे बहुतेक रविवार त्या एकाच पुस्तकाने व्यापले आहेत.

ज्यांना हे प्रकरण ठाऊक नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. बायरन प्राइस या लेखक-प्रकाशकाने बारा छोट्या सिरॅमिकच्या पेट्या उत्तर अमेरिकेत बारा ठिकाणी पुरून ठेवल्या. प्रत्येक पेटीत एक किल्ली होती आणि ती आणून देणाऱ्याला एक रत्न मिळणार होते. जागा शोधण्यासाठी पुस्तकात जॉन जूड पॅलेन्कार यांची बारा चित्रे आणि बारा कविता आहेत. मात्र कोणत्या चित्राला कोणती कविता लागू होते, हे कुठेही सांगितलेले नाही. ती जोडी आपणच जुळवायची, त्यावरून शहर ओळखायचे, मग उद्यान, मग झाड किंवा भिंत. आजपर्यंत तीनच पेट्या सापडल्या आहेत: १९८३ मध्ये शिकागोत, २००४ मध्ये क्लीव्हलंडमध्ये आणि २०१९ मध्ये बॉस्टनमध्ये. प्राइस २००५ मध्ये रस्त्यावरील अपघातात गेले आणि उरलेल्या नऊ जागांचे रहस्य त्यांच्याबरोबरच गेले.

आम्ही ज्या चित्रावर काम करत आहोत ते मिलवॉकीचे आहे, याबद्दल शोधकांमध्ये बऱ्यापैकी एकमत आहे. चित्रात जात्याची तळी आहे, चालताना टेकायची काठी आहे आणि किल्ली आहे. इंग्रजीत या तिघांची नावे ओळीने उच्चारली की मिल, वॉक, की असा शहराच्या नावाचा उच्चार होतो. येथील नगरभवनाच्या मनोऱ्याचा आकारही चित्रात ओळखू येतो. या चित्राशी जी कविता जोडली जाते तिच्यात मिचेल हे नाव येते, ब्याण्णव पायऱ्या चढायला सांगितल्या आहेत, पुलाखालच्या मोरीपाशी पोहोचून आग्नेयेला शंभर पावले चालायला सांगितले आहे, आणि शेवटी बर्चची झाडे मोजत एका उंच झाडाच्या दक्षिण पायथ्याशी थांबायचे आहे. लेक पार्क या उद्यानात दऱ्या आहेत, पूल आहेत, सरोवराकडे उतरणारा मोठा जिना आहे, दीपगृह आहे. त्यामुळे अनेक शोधकांप्रमाणे आम्हीही तिथेच शोध घेत आहोत.

माझी अडचण खुणा सापडत नाहीत ही नाही. त्या फार सापडतात. मुलीच्या वहीत आजमितीस एकसष्ट साम्ये नोंदवलेली आहेत. चित्रातील कपड्याच्या चुण्यांत तिला दरीचा नकाशा दिसतो, रेषांच्या वळणांत ४३ आणि ८७ हे आकडे दिसतात (मिलवॉकीचे अक्षांश सुमारे ४३ अंश आणि रेखांश सुमारे ८७.९ अंश आहेत), एका दगडाच्या कडेत पुलावरच्या सिंहाचे नाक दिसते. ती दाखवते तेव्हा मलाही दिसते, आणि नेमकी तिथेच माझी पंचाईत होते. मला तिचा उत्साह मोडायचा नाही, पण जे आपण शोधले म्हणून दिसले आणि जे चित्रकाराने खरोखर ठेवले, यांतील फरक तिला शिकवायचा आहे. तो कसा ओळखावा? पूर्वी सुटलेल्या तीन कोड्यांवरून काही कसोट्या काढता येतात का?

आणखी एक शंका आहे. १९८२ च्या सुमारास जी बर्चची रोपे कोवळी होती, ती आज असतील का? नसतील, तर हे कोडे आता सुटण्यासारखे राहिले आहे का?

प्रतिसाद १: पवननगरी

आपला प्रश्न वाचून फार आनंद झाला, कारण मी शिकागोत राहतो आणि सुटलेल्या पहिल्या कोड्याची वाट कविता हातात घेऊन मी स्वतः तीन वेळा चाललो आहे. कसोट्यांविषयी बोलण्यापूर्वी ती वाट सांगतो.

त्या कवितेच्या सुरुवातीला दगडात बसवलेल्या 'एम' आणि 'बी' या दोन अक्षरांचा उल्लेख आहे. घरी बसून विचार केला तर या दोन अक्षरांची हजार उत्तरे निघतात. मिशिगन अव्हेन्यूवर ऑर्केस्ट्रा हॉलसमोर उभे राहून मान वर केली की पाच संगीतकारांची नावे दर्शनी भिंतीवर कोरलेली दिसतात. त्यांत मोझार्ट आणि बेथोव्हेन शेजारी शेजारी आहेत. पुढे काँग्रेस हा शब्द येतो, जे त्या भागातील रस्त्याचे आणि चौकाचे नाव होते. मग 'एल' बसला आहे असे म्हटले आहे. ग्रँट पार्कमध्ये ऑगस्टस सेंट-गॉडन्स यांनी घडवलेला लिंकनचा बैठा पुतळा आहे. त्याच्या डाव्या खांद्यापलीकडे पाहायचे. पुढे दहा आणि तेरा हे आकडे येतात, ते झाडांच्या रांगांचे आहेत. शेवटी गडगड, कुंचला आणि संगीत यांचे आवाज शोधायला सांगितले आहे: उद्यानातून जाणारी रेल्वे, तिच्या बाजूचे आर्ट इन्स्टिट्यूट आणि रस्त्यापलीकडचा ऑर्केस्ट्रा हॉल. तीन किशोरवयीन मुलांनी १९८३ मध्ये हे सगळे जुळवले आणि पेटी बाहेर काढली.

या वाटेवरून चालताना एक गोष्ट माझ्या मनावर ठसली. उत्तरांपैकी एकाही उत्तरासाठी डोळे बारीक करावे लागत नाहीत. कोरलेली अक्षरे वाचायची असतात, पुतळा बसलेला असतो, झाडे मोजायची असतात आणि आगगाडी खरोखरच गडगडते. कविता वाचताना जे अत्यंत धूसर वाटते, ते जागेवर उभे राहिल्यावर अगदी साधे वर्णन ठरते. प्राइस यांनी कोडे रचताना बहुधा हेच केले असावे, की जागेवर उभे राहून आजूबाजूला जे दिसले आणि ऐकू आले ते लिहिले आणि मग त्यातील नावे काढून घेतली. म्हणून कवितेच्या ओळीचे जे उत्तर आपण काढू, ते तिथे उभ्या असलेल्या, कोडे माहीत नसलेल्या माणसाला दाखवून 'हे काय आहे' असे विचारावे. त्याने आपोआप तोच शब्द उच्चारला तर ते उत्तर टिकाऊ समजावे. सिंहाचे नाक या परीक्षेत टिकणार नाही. मोरी मात्र टिकेल.

चित्राचे काम वेगळे आहे. शिकागोच्या चित्रात जुना वॉटर टॉवर ओळखू येतो, पण तो पेटीच्या जागेपासून बऱ्याच अंतरावर, शहराच्या दुसऱ्या भागात आहे. ज्यांनी केवळ चित्रावर भिस्त ठेवली असेल त्यांनी वॉटर टॉवरच्या भोवती खणले असते. चित्र प्रामुख्याने शहर सांगते आणि कविता त्या शहरात आपल्याला हाताला धरून चालवते, अशी माझी समजूत झाली आहे. आपल्या मुलीला चित्रातून दरीचा नकाशा काढायचा मोह होतो तो स्वाभाविक आहे, पण मी तिच्या जागी असतो तर मिलवॉकी निश्चित झाल्यावर चित्र बाजूला ठेवून आठवडाभर फक्त कविता वाचली असती.

जाता जाता एक नोंद: काँग्रेस पार्कवे या रस्त्याला २०१८ मध्ये आयडा बी. वेल्स यांचे नाव देण्याचा निर्णय झाला. आज एखाद्याने नव्या नकाशावर ते कोडे सोडवायला घेतले तर त्या ओळीपाशी तो अडखळेल. मिलवॉकीतही १९८० च्या सुमाराचा नकाशाच वापरावा.

प्रतिसाद २: तिसरीओळ

वरील प्रतिसादाशी मी बराचसा सहमत आहे, फक्त त्यात दुर्मीळपणाच्या कसोटीची भर घालू इच्छितो.

क्लीव्हलंडच्या कवितेत सॉक्रेटिस, पिंडार आणि अपेलीस ही तीन नावे एका ओळीत येतात. एक तत्त्वज्ञ, एक कवी आणि एक चित्रकार. सॉक्रेटिसचे नाव जगात हजारो ठिकाणी कोरलेले असेल, पण या तिघांची नावे एकत्र कोरलेली भिंत सार्वजनिक उद्यानात किती ठिकाणी असणार? क्लीव्हलंडच्या रॉकफेलर पार्कमध्ये निरनिराळ्या देशांच्या बागांची मोठी माळ आहे आणि तेथील ग्रीक बागेत ही नावे आहेत. (त्याच माळेत भारताचीही बाग आहे आणि तिथे महात्मा गांधींचा पुतळा आहे, आपल्यापैकी ओहायोतील काहींनी ती पाहिली असेल.) कवितेत सात पायऱ्या, वरून नववी रांग, उजवीकडून डावीकडे दहावा दगड अशी मोजणी दिलेली आहे. २००४ मध्ये एका वकिलाने ही मोजणी भिंतीवर करून पाहिली, त्या दगडाखाली खणले आणि पेटी मिळवली.

या उदाहरणाचे मला महत्त्व वाटते ते असे. एखादे साम्य खरे आहे का, हे विचारताना 'ते किती जुळते' असे विचारू नये. 'हे उत्तर चुकीचे असते तरीही असे साम्य सापडले असते का' असे विचारावे. कपड्याच्या चुण्यांत दरीचा नकाशा सापडणे ही दुसऱ्या प्रकारची गोष्ट आहे, कारण चुण्या वाकड्या असतात, दऱ्याही वाकड्या असतात आणि वाकड्या रेषा एकमेकींशी कुठेतरी जुळतातच. आकड्यांचेही तसेच. ३ आणि ८ हे वळणांचे आकडे आहेत. केसांच्या कोणत्याही बटेत ते दिसतात. शिवाय शहर आपल्याला आधीच ठाऊक आहे. त्यामुळे ४३ सापडला तरी त्याने नवीन काहीच सांगितले नाही. मनाला धीर दिला, एवढेच.

हे मुलीला शब्दांत सांगून पटणार नाही, म्हणून एक प्रयोग सुचवतो. मी तो स्वतः केला आहे. दोन वर्षांपूर्वी सुट्टीत पुण्याला गेलो असताना मी मिलवॉकीचे हेच चित्र आणि हीच कविता घेतली आणि पेटी पर्वतीवर पुरली आहे असे गृहीत धरून एक संध्याकाळ साम्ये शोधली. पर्वतीला १०३ पायऱ्या आहेत, पण सुरुवात थोडी वरून केली की ब्याण्णव भरतात. देवळाच्या कळसाचा आकार चित्रातील मनोऱ्याशी जुळवता आला. कपड्याच्या चुण्यांत तर संपूर्ण टेकडी मिळाली. दोन तासांत चौदा साम्ये झाली आणि त्यांपैकी काही, प्रामाणिकपणे सांगतो, अंगावर काटा आणणारी होती. त्याच संध्याकाळी मी माझ्या घरच्या वहीतील निम्म्याहून अधिक नोंदींचा नाद सोडला.

आपल्या मुलीला वर्षभर पाहिलेल्या एखाद्या दुसऱ्या उद्यानावर हा प्रयोग करू द्या. एकसष्ट नोंदींपैकी ज्या प्रकारच्या नोंदी तिला तिथेही सहज मिळतील, त्या सर्व खोडाव्यात. ज्या मिळणार नाहीत, त्याच ठेवाव्यात.

प्रतिसाद ३: जुनीफळा (निवृत्त गणितशिक्षक)

मी या पुस्तकाचा अभ्यासक नाही, परंतु या प्रकाराचा उगम ज्या कोड्यात आहे त्याच्याशी माझी जुनी ओळख आहे, आणि त्याच्याशी तुलना केल्याशिवाय सरोवरकाठ यांच्या प्रश्नाला पुरते उत्तर मिळणार नाही असे मला वाटते.

इंग्लंडमध्ये १९७९ साली किट विल्यम्स या चित्रकाराने 'मास्करेड' नावाचे चित्रमय पुस्तक काढले आणि त्यातील खुणांनी सापडेल असा सोन्याचा ससा जमिनीत पुरला. पुस्तकात पंधरा चित्रे आहेत आणि प्रत्येक चित्राच्या चौकटीवर अक्षरे लिहिलेली आहेत. चित्रातील प्रत्येक प्राण्याच्या व माणसाच्या डोळ्यापासून त्याच बाजूच्या हाताच्या सर्वांत लांब बोटातून, तसेच पायाच्या सर्वांत लांब बोटातून रेषा काढून ती चौकटीपर्यंत न्यायची. रेषा ज्या अक्षराला भिडेल ते टिपायचे. अशी अक्षरे जुळवली की प्रत्येक चित्रातून एक-दोन शब्द मिळतात. त्या शब्दांचे वाक्य होते आणि त्याचा आशय असा, की संपाताच्या दिवशी (दिवस आणि रात्र समान असतात त्या दिवशी) मध्यान्ही कॅथरिनच्या लांब बोटाची सावली जिथे पडेल तिथे पिवळा ताईत पुरलेला आहे. हे 'बोट' म्हणजे बेडफर्डशायरमधील ॲम्पथिल येथे राणी कॅथरिन ऑफ ॲरागॉनच्या स्मरणार्थ उभारलेला क्रूस.

आता खरे सौंदर्य पाहावे. त्या पंधरा तुकड्यांची पहिली अक्षरे ओळीने वाचली की 'ॲम्पथिलच्या जवळ' या अर्थाचे इंग्रजी शब्द तयार होतात. म्हणजे उत्तराने स्वतःच स्वतःची साक्ष दिली. मोरोपंतांचे मंत्ररामायण ज्यांनी वाचले आहे त्यांना हा आनंद चटकन कळेल: आर्यांमधून रामकथा पुढे सरकत असते आणि त्याच आर्यांमध्ये त्रयोदशाक्षरी राममंत्राची अक्षरे ओळीने गुंफलेली असतात. कुणी म्हणाले की हा योगायोग आहे, तर आपण हसून पुढची आर्या दाखवतो. रचनाकाराने जो नियम पाळला, तो एकदा सापडला की तो शेवटपर्यंत न मोडता चालतो, आणि नियम शेवटपर्यंत चालणे हाच त्याच्या खरेपणाचा पुरावा होय.

सरोवरकाठ, आपली मूळ अडचण इथे आहे. 'मास्करेड'मध्ये चित्र वाचण्याचा एक नियम होता, म्हणून ते कोडे खुर्चीत बसूनच सिद्ध करता येत होते. 'द सिक्रेट'मधील चित्रांना असा एकच नियम असल्याचे सुटलेल्या तीन कोड्यांवरून दिसत नाही. त्यामुळे चित्रातील कोणतीही खूण घरी बसून शंभर टक्के सिद्ध होणार नाही, हे मुलीला आधीच सांगून टाकावे. तिला वाईट वाटेल, पण त्यात तिची चूक नाही, हेही तिला कळेल. इथे सिद्धता जमिनीवरच होते.

आणि जमिनीवरची सिद्धताही किती निसटती असते, त्याचीही हकीकत याच कोड्यात आहे. माइक बार्कर आणि जॉन रूसो या भौतिकशास्त्राच्या दोन शिक्षकांनी ते कोडे पूर्णपणे, योग्य रीतीने सोडवले. ते ॲम्पथिलला गेले, त्यांनी योग्य जागी खणले, आणि तरीही ससा त्यांच्या हाती लागला नाही. त्याच सुमारास, १९८२ मध्ये, केन थॉमस हे खोटे नाव घेतलेल्या माणसाने ससा मिळवला. त्याने कोडे सोडवलेच नव्हते. विल्यम्स यांच्या पूर्वीच्या मैत्रिणीकडून जागेचा अंदाज त्याच्यापर्यंत पोहोचला होता, हे १९८८ मध्ये वृत्तपत्रातून उघड झाले. त्या दोन शिक्षकांविषयी मला आजही मनापासून आदर वाटतो. मी पस्तीस वर्षे वर्गात सांगत आलो की उत्तराइतकीच रीतही महत्त्वाची आहे, आणि त्या दोघांची रीत निर्दोष होती.

सरोवरकाठ

सर्वांचे मनापासून आभार. तिसरीओळ यांनी सुचवलेला प्रयोग आम्ही या शनिवारी केला. आमच्या घराजवळ एक छोटे उद्यान आहे, तिथे मुलीने चित्र घेऊन दोन तास काढले आणि तिला एकोणीस साम्ये मिळाली. सुरुवातीला ती हिरमुसली, पण नंतर तिने स्वतःच वही उघडली आणि लाल पेनाने नोंदी खोडायला बसली. एकसष्टांपैकी अकरा उरल्या. उरलेल्यांत चित्रातील फक्त चार आहेत: जाते, काठी, किल्ली आणि मनोरा. बाकी सात कवितेतील आहेत.

त्यावरून तिनेच एक प्रश्न काढला, तो मला महत्त्वाचा वाटला. ब्याण्णव पायऱ्या मोजताना सुरुवात कुठून करायची, मधला सपाट टप्पा पायरी धरायचा का, यावर आमचा आकडा दर वेळी बदलतो. तसेच शंभर पावले म्हणजे कोणाची पावले? तिची शंभर पावले आणि माझी शंभर पावले यांत आम्ही मोजले तेव्हा जवळजवळ अकरा मीटरांचा फरक पडला. एवढ्या अंतरात कितीतरी झाडे येतात. आणि बर्चविषयीची माझी शंका अजून तशीच आहे.

प्रतिसाद ४: मातीखालचे

मी व्यवसायाने स्थापत्य अभियंता आहे आणि काही काळ उद्यानांच्या नूतनीकरणाच्या कामांवर होतो, त्यामुळे शेवटच्या दोन शंकांवर लिहितो.

शहरी उद्यानात बर्च दीर्घायुषी नसतो. खोड पोखरणारी कीड, उन्हाळ्यातील कोरडेपणा आणि मुळांभोवती तुडवली जाणारी माती यांमुळे तो अनेकदा काही दशकांतच जातो. १९८२ मध्ये जी रोपे होती त्यांतील बरीच आज नसतील असेच धरून चालावे. पण झाड गेले म्हणून माहिती गेली असे नाही. त्या काळातील हवाई छायाचित्रे, उद्यान विभागाच्या जुन्या लागवडीच्या नोंदी, स्थानिक ग्रंथालयातील छायाचित्रसंग्रह आणि लोकांच्या घरच्या अल्बममधील सहलीचे फोटो यांतून झाडांच्या जागा पुन्हा बसवता येतात. एखाद्या कुटुंबाच्या १९८३ मधील फोटोत पाठीमागे पाच पांढरी खोडे उभी असतील, तर त्या एका फोटोची किंमत चित्रातील शंभर चुण्यांपेक्षा अधिक आहे.

मोजणीविषयी: पुरणारा माणूस प्रौढ पुरुष होता, तो जड पिशवी घेऊन उताराच्या जमिनीवर चालत होता आणि बहुधा मनात मोजत होता. अशा शंभर पावलांसाठी साठ ते ऐंशी मीटरांचा पट्टा धरावा आणि त्या पट्ट्यात कवितेतील पुढच्या ओळी कुठे लागू पडतात ते पाहावे. पावलांनी बिंदू मिळत नाही, पट्टा मिळतो; बिंदू झाडाने किंवा दगडाने मिळतो. पायऱ्यांचेही तसेच. ब्याण्णव ही संख्या कोणत्या मोजणीने भरते हे शोधण्याऐवजी, १९८२ नंतर त्या जिन्याची दुरुस्ती होऊन पायऱ्या कमीअधिक झाल्या का, हे आधी विचारावे.

बॉस्टनची हकीकत तुमच्या कामाची आहे. त्या कवितेत एका ठिकाणी 'घरी असल्यासारखे वाटू दे' अशा अर्थाची ओळ आहे. शोधकांनी या ओळीचे अनेक भावनिक अर्थ लावले. प्रत्यक्षात ती बेसबॉलच्या मैदानातील 'होम प्लेट' या जागेकडे बोट दाखवत होती, म्हणजे फलंदाज जिथे उभा राहतो ती जागा. अठरावा दिवस, बारावा तास आणि कंदिलाचा उजेड हे शब्द १८ एप्रिल १७७५ च्या रात्री ब्रिटिश सैन्य येत असल्याचा इशारा देत निघालेल्या पॉल रिव्हिअरच्या घोडदौडीकडे नेतात, आणि ती बॉस्टनच्या नॉर्थ एंड भागाची ओळख आहे. तिथल्या लँगोन पार्कचे २०१९ मध्ये नूतनीकरण सुरू झाले, तेव्हा कोडे सोडवत आलेल्या एका गेम-डिझायनरने काम करणाऱ्यांना विश्वासात घेतले, आणि होम प्लेटच्या परिसरातील खोदकामात पेटी मिळाली. प्राइस यांच्या कुटुंबाने त्यांचा शब्द पाळून रत्नही दिले.

यातून दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. पहिली, परवानगी. सार्वजनिक उद्यानात परवानगीवाचून खणणे हा नियमभंग आहे, आणि चाळीस वर्षांत या छंदापायी अनेक ठिकाणची हिरवळ आणि झाडांची मुळे दुखावली गेली आहेत. कुदळ नेण्याआधी उद्यान विभागाला लेखी अर्ज करा. त्यासोबत कवितेची ओळन् ओळ आणि तिच्यासमोर जमिनीवरील वस्तू असा तक्ता जोडा. हा तक्ता भरताना जी ओळ रिकामी राहील तीच तुमची दुबळी जागा असेल. दुसरी, कान उघडे ठेवणे. दरीतील मोरीची दुरुस्ती, पुलाचे काम, गटाराची नवी नळी असे काही निघाले तर यंत्र त्या भागात उतरण्यापूर्वी तिथल्या अभियंत्याशी बोला. आम्ही कामावर असताना कुणी शांतपणे येऊन 'या पट्ट्यात सिरॅमिकचे तुकडे दिसले तर जरा थांबाल का' असे विचारले असते, तर आम्ही नक्की थांबलो असतो.

पवननगरी

तक्त्याची सूचना फार चांगली आहे. मी शिकागोच्या सुटलेल्या कवितेचा तसा तक्ता भरून पाहिला. ओळी वाटेच्या क्रमानेच लागतात, मागेपुढे उड्या माराव्या लागत नाहीत. मिलवॉकीची उत्तरे भरताना जर आपल्याला उद्यानातून शहरात आणि शहरातून पुन्हा उद्यानात यावे लागत असेल, तर कुठेतरी चूक आहे असे मी समजेन. विशेषतः मिचेल या नावाची ओळ. ती शहराच्या मध्यभागातील मिचेल इमारतीला लागू होते असे बरेच शोधक मानतात. तसे असेल तर वाट तिथून सुरू व्हायला हवी आणि सरोवराच्या दिशेने पायी जाता यायला हवी. ही वाट कुणी सलग चालून, घड्याळ लावून पाहिली आहे का?

सरोवरकाठ

नाही, आम्ही नेहमी गाडीने थेट उद्यानात गेलो. मिचेल इमारतीपासून पायी निघण्याचे आम्हाला सुचलेच नाही, आणि आता वाटते की दीड वर्ष आम्ही कविता मधल्या ओळींपासून वाचत होतो. बर्फ वितळले की एप्रिलमध्ये पहिल्या ओळीपासून चालणार आहोत. तक्ता मुलीने आखायला घेतला आहे. डावीकडे कवितेच्या ओळी, मध्ये आजची वस्तू, उजवीकडे १९८२ मधील वस्तू असे तीन रकाने केले आहेत. ग्रंथालयात जुनी हवाई छायाचित्रे पाहण्यासाठी पुढच्या गुरुवारची वेळ मिळाली आहे. दरीतील मोरी त्यांत दिसली तर मोजमापांसह इथे लिहीन.

पवननगरी

एप्रिलचा दिवस ठरला की कळवा. शिकागोहून आगगाडीने दीड तासात पोहोचता येते. मोजपट्टी मी आणतो, पन्नास मीटरची आहे.